फक्कीच्या रेघांवरची माडी

उस्ताद, तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं हे कळंबच्या साऱ्या पेठेला माहीत होतं आणि तुम्हीही ते कधी झाकून ठेवलं नाही. कुणी कागद पुढं केला की तुम्ही तो मांडीवर पसरायचात आणि त्याच्यावरून सावकाश अंगठा फिरवायचात. अर्ज असो, लग्नपत्रिका असो की घराचा नकाशा, तुमची वाचायची तऱ्हा एकच. एकदा पत्रिका उलटी धरून ‘लई चांगलं स्थळ हाय’ म्हणाला होतात, आणि ते स्थळ खरोखरच चांगलं निघालं. नकाशा मात्र तुमच्या हातात कधी उलटा झाला नाही. रेघ लागली की भिंत, रेघ तुटली की दार, आणि अंगठा जिथं थांबला तिथं माझी चूक.

तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होऊन गेली. मी धाराशिवला मुलाकडं राहतो. कामं थांबवली, म्हणजे गुडघ्यांनी थांबवली. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतो. समोर एक तीन मजली इमारत उठते आहे, तिचा कोपरा ओळंब्यात नाही हे मला खुर्चीतून दिसतं, आणि सांगायला उठलो की सून म्हणते, “बाबा, चहा घ्या.” मग मी चहा घेतो. परवापासून मात्र तुम्ही सारखे डोळ्यांपुढं येताय, दाढीला मेंदी, कानावर पेन्सिलीचा तुकडा, तोंडात पान. म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत गेलो तर बरं.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लढाई कुठंतरी तिकडं, आमच्यापर्यंत ती आली ती सिमेंट मिळेना, लोखंड मिळेना आणि रॉकेलला रांग, एवढीच. तुम्हाला सिमेंटचं काही सोयरसुतक नव्हतं. “चुना हाय, चुना मळायला घाणी हाय, घाणीला बैल हाय. आनखी काय पायजे?” म्हणायचात. तुमच्या हाताखाली तीन वर्षं गवंडीकाम करून मी हैदराबादला नकाशे काढायला शिकलो होतो आणि तिथंच एका कचेरीत चिकटलो होतो. काम काय, तर दुसऱ्यांनी रेखलेल्या इमारती पातळ कापडावर गिरवायच्या. सकाळी गिरवायला बसायचं, संध्याकाळी मान वर करायची. वर्षभरात कितीतरी हवेल्या माझ्या हाताखालून गेल्या, पण त्यातली एक वीट माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. इकडं कळंबला आई एकटी. त्यात अप्पांचा निरोप आला आणि मी तोंडातला घास टाकून निघालो.

अप्पा म्हणजे पेठेतले आडत्ये. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि पोट असं की ते आधी दुकानात यायचं, अप्पा मागून. रागावले की कानडीत जायचे आणि कानडीतून परत आले की राग गेलेला असायचा. त्यांच्या डोक्यात त्या वर्षी एक नवीन खूळ शिरलं होतं. पेठेच्या कोपऱ्यावरच्या त्यांच्या जागेत खाली गाळे काढायचे आणि वर माडी चढवून आठ बिऱ्हाडं भाड्यानं ठेवायची. तहसिलीत बदलून आलेले कारकून, शाळेतले गुरुजी, टपालातले लोक, यांना गावात राहायला जागा मिळत नव्हती. कुणाच्या तरी ओसरीवर पडदा लावून संसार चालायचे. गावाला मात्र हे पटेना. खाली तेल-मिरचीचा बाजार आणि वर लेकीबाळी राहणार, हे काय राहणं झालं? पारावर अप्पांची रोज टिंगल चालायची, की अप्पा आता माणसंबी पोत्यावाणी थप्पीला लावणार.

नकाशा मी काढायचा, असं ठरलं. पण अप्पांनी अट घातली ती तुमच्यासमोरच. “उस्ताद हौ म्हणला तर तू बांधायचं, उस्तादाच्या हातानं बांधायचं. उस्ताद न्हाय म्हणला तर म्या सोलापूरचा इंजिनेर आणतो, तू आपला जा माघारी हैदराबादला.” अप्पांना थट्टा करायची असली की ते आधी पोटावर हात फिरवायचे. त्या दिवशी हात मांडीवरच होता. त्यामुळं मला पुरतं कळलं होतं की हा नकाशा पास झाला तर मी कळंबचा, नाहीतर पुन्हा ते पातळ कापड आणि दुसऱ्याच्या हवेल्या.

मी महिनाभर खपलो. आधी तुम्हाला कच्चं चित्र दाखवलं. पेठेच्या तोंडाला पाच गाळे, मधून वर जाणारा जिना, आणि मागं बोळाच्या अंगाला दुसरा जिना, थेट आडापाशी उतरणारा. तुमचा अंगठा त्या दुसऱ्या जिन्यावर आला, दोनदा वरखाली झाला, आणि तुम्ही म्हणालात, “हे बेस केलंस.” बस, एवढंच. तुमच्या तोंडून ‘बेस’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून भाषण. मी हवेत. मग तोच नकाशा पातळ कापडावर शाईनं पक्का करून अप्पांकडं नेला. अप्पांनी बोटांनी गाळे मोजले, पाच. पुन्हा मोजले, पुन्हा पाचच भरले. मग बोळाच्या अंगाला, तिथल्या रेघा कसल्या हे न विचारताच, बोट ठेवून म्हणाले, “हितं एक गाळा बसला असता का रं? जावयबापू लई दिवस झालं मागं लागल्यात.” उस्ताद, मी ‘बघतो’सुद्धा म्हणालो नाही. घरी येऊन ब्लेड घेतलं, कापडावरची शाई हलक्या हातानं खरवडली, नखानं जागा गुळगुळीत केली आणि तासाभरात मागच्या जिन्याच्या जागी सहावा गाळा उभा केला. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी मला खव्याचा पेढा भरवला. बलदियात, म्हणजे आताच्या नगरपालिकेत, नकाशावर दोन शिक्के पडायला चार दिवस लागले. तिथं त्यांनी फक्त मी उर्दूत लिहिलेली खोल्यांची नावं वाचली आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

खरी परीक्षा तुमच्याकडं होती, आणि तुमची परीक्षा कागदावर कधीच होत नसे. घर बांधायच्या आधी ते फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, जमिनीवर आखायचं, जेवढ्यास तेवढं, आणि ज्यांना राहायचं त्यांना त्यात दिवसभर राहायला लावायचं, ही तुमची रीत. अप्पांचं गावाबाहेरचं खळं सुगी सरल्यावर मोकळं पडलं होतं. सकाळी आपण दोघं सूत आणि फक्कीची पाटी घेऊन तिथं गेलो. मी नकाशा वाचायचा, तुम्ही सूत ताणायचं, आणि मुठीतून पांढरी रेघ सोडत जायचं. माडी हवेत कशी आखणार, म्हणून ती गाळ्यांच्या शेजारी काढली, मधे जिन्याच्या आडव्या रेघा. आडाच्या जागी पाण्यानं भरलेला रांजण. बोळाच्या अंगाला आलो तसं तुम्ही नकाशा माझ्या हातून घेतलात, मांडीवर पसरलात, आणि अंगठा फिरत फिरत त्या खरवडलेल्या जागेवर थांबला. कापड तिथं जरा खरखरीत झालं होतं.  तुम्ही वर बघितलं नाही. नकाशा परत दिलात आणि सहाव्या गाळ्याच्या चार रेघा चोख मारल्यात. मला राहवेना. मी म्हणालो, “उस्ताद, काही बोलला नाहीत?” तुम्ही पानाची पिंक टाकून म्हणालात, “म्या काय बोलू? म्या थोडाच ऱ्हाणार हाय हितं. ऱ्हाणारे येतेत की आता.”

आणि ते आले. काय दिवस होता तो! अजून आठवला की एकटाच हसतो आणि सून आतून विचारते, काय झालं म्हणून. गाळ्यांत बसायला दुकानदार आले, तागड्या घेऊन. माडीवर राहायला चार-पाच बिऱ्हाडं आली, बायका डोईवरून पदर घेऊन, कडेला पोरं, हातात भांडी, कुणी तर पाटा-वरवंटासुद्धा उचलून आणलेला. तुम्ही मधोमध एका दगडावर काठी घेऊन बसलेले. “ओ बाई, भीत हाय तिथं! दारातनं जा, दारातनं!” लोक भिंतीतून आरपार निघायचे आणि तुमची काठी आपटायची. सगळ्यांत जास्त भिंती अप्पांनी ओलांडल्या. मालकच ते, त्यांना वाटे सगळं आपलंच. शेवटी तुम्ही म्हणालात, “अप्पा, मालकालाबी भीत आडवी येती.” तेव्हापासून ते बिचारे दारं शोधत फिरायला लागले, पोट आवळून. एक कुत्रं मात्र आठही बिऱ्हाडांतून बिनदिक्कत फिरलं आणि सहाव्या खोलीत निवांत झोपलं. तिथल्या बाईनं त्याला हाकलायच्या आधी दार कुठं आहे ते विचारलं, म्हणजे बघा, लोक किती मनापासून राहत होते.

कारकुनाची म्हातारी आई तर जिन्याच्या त्या सपाट रेघांवरून गुडघे उचलून उचलून चढली, आणि वर पोचल्यावर मटकन बसून म्हणाली, “दम लागला गं बाई.” सगळं खळं हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला बोलावून म्हणालात, “बघ, दोन पायऱ्या वाढीव धर आन् उंची कमी कर. म्हातारीला खरंच लागला दम.”

मग खिडक्या. हैदराबादला मला शिकवलं होतं की खिडकी जमिनीपासून कंबरेइतकी वर घ्यायची. तुम्ही दोन मेखा ठोकून बरोबर त्या उंचीला दोरी बांधलीत आणि मला खाली मांडी घालून बसवलंत. 

“काय दिसतंय?” 

“दोरी,” मी म्हणालो. 

“आन् दोरीच्या खाली?” 

“भिंत.” 

“मंग वारा कुठनं जायाचा?” 

मी मान वाकवून दोरीखालून बघायला गेलो. 

“डोस्क्यावरनं,” मागून गुरुजींच्या बायको म्हणाल्या. यांचं माहेर तेर गावचं, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. त्यांच्याच घरची धपाटी त्या दिवशी आपण सगळ्यांनी खाल्ली. “त्या हैदराबादेत मान्सं खुर्चीवर ऱ्हात असतील. आमी भुईवर ऱ्हातो.” शाळेत शिकताना ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती, आणि मी स्वतः जन्मभर भुईवर बसलेला माणूस! खिडक्या हातभर उंचीवर आल्या.

मिरचीवाल्याचं प्रकरण सगळ्यांत रंगलं. त्याचा गाळा मी तिसरा धरला होता, बरोबर गुरुजींच्या खोलीखाली. तुम्ही त्याला सांगितलंत, “रोज करतोस तसं कर. लाजू नगंस.” त्यानं पोतं उलटं केलं आणि देठं खुडून मिरची पाखडायला घेतली. वारा पश्चिमेचा. आधी गुरुजी शिंकले. मग कारकून, मग पोरं, मग कडेवरची तान्ही. अप्पा एका जागी उभे राहून सात वेळा शिंकले आणि आठव्या शिंकेला कानडीत गेले. मिरचीवाला बिचारा हात जोडून म्हणाला, “अप्पा, माझी काय चुकी? उस्तादांनीच सांगितलं.” गाळा कोपऱ्यावर गेला, पूर्वेच्या टोकाला, म्हणजे वारा मिरची घेऊन सरळ रस्त्यावर जाईल. मी नकाशावर खुणा करत होतो. प्रत्येक खुणेबरोबर थोडं लाजायला होत होतं आणि थोडा आनंदही होत होता, कारण ही सगळी दुरुस्तीची कामं होती. कुणी ‘मोडून टाका’ म्हणत नव्हतं. अप्पा डोळे पुसत हसत होते. मला वाटलं, निभावलं.

दुपार कलताना तुम्ही बायकांना म्हणालात, “आता पाणी भरा.”

गुरुजींच्या बायकोनं घागर कमरेवर घेतली. खोलीतून निघाल्या, बिऱ्हाडांपुढच्या पडवीतून चालत जिन्यापाशी आल्या, रेघा उतरल्या, आणि जिना उघडला तो थेट पेठेत, दोन गाळ्यांच्या मधे. गाळ्यांतले पुरुष तागड्या मांडून बसलेले. त्यांनी काही वावगं केलं नाही, पण समोरून कुणी गेलं की दुकानदाराची मान वळते, तशा सगळ्या माना वळल्या. त्या तशाच पुढं गेल्या, कोपऱ्याला वळसा घातला, बोळातून रांजणापाशी पोचल्या, घागर भरली, आणि भरल्या घागरीनं त्याच वाटेनं परत आल्या. पाणी हिंदकळून लुगडं भिजलेलं. या वेळी माना वळल्या त्या जरा जास्त वेळ वळल्या. जिन्याच्या पहिल्या रेघेवर त्या थांबल्या आणि घागर खाली ठेवली.

“उस्ताद, आमच्या घरी दिवसाला बारा खेपा पाणी लागतंय. बारा डाव ह्या समद्यांपुढनं जायाचं व्हय, वल्या लुगड्यानं? म्या न्हाय ऱ्हायची हितं. त्यापरीस वसरीवरचा पडदा बरा.”

मागच्या दोघींनीही घागरी खाली ठेवल्या. कारकुनाच्या आईनं नुसती मान हलवली. कुणी आवाज चढवला नाही, भांडण नाही, पण एकेक बाई आपली भांडी आवरायला लागली, आणि बघता बघता माडी रिकामी झाली. रेघा तेवढ्या राहिल्या. अप्पांचा चेहरा मी बघत होतो. बिऱ्हाडंच येणार नसतील तर माडी कशाला? ते कानडीत गेले नाहीत. सरळ मराठीत म्हणाले, “मागनं वाट ठिवायचं कसं सुचलं न्हाय ह्याला? हेच शिकवत्यात का हैदराबादेत? सोलापूरला कागद धाडतो मी उद्याच.” आणि सगळं खळं माझ्याकडं बघायला लागलं. सांगायला पाहिजे होतं, की सुचलं होतं, अप्पा, आधी होता मागचा जिना, तुम्हाला गाळा हवा म्हणून मीच खरवडला. पण गाळ्याचं सांगितलं असतं तर अप्पा सगळ्यांपुढं तोंडघशी पडले असते आणि मी कायमचा त्यांच्या मनातून उतरलो असतो. न सांगावं तर बिनडोक ठरतो. मी दोन्हीकडून गेलो होतो.

तुम्ही काठी टेकून दगडावरून उठलात. “अप्पा, त्याच्यावर कशाला तापताय? त्येनं आखला हुता मागं जिना. म्याच म्हणलं, जागा वाया जाती, खोडून टाक. म्हातारा झालो, डोस्कं चालंना.”

 मग अप्पांच्या पोटावर हात गेला. “उस्ताद! तुमी? तुमी जिना इसरलात?” आणि ते असे हसले की खळ्यावरची चिमण्यापाखरं उडाली. त्यांच्यामागं सगळे हसले. आख्ख्या तालुक्याला जिने बांधून देणारा माणूस जिना विसरला, याहून मोठी मौज गावाला कोणती? आवरलेली भांडी पुन्हा खाली आली. अप्पा म्हणाले, “जाऊ द्या, सहावा गाळा गेला तर गेला. जावयबापूंना म्या बघतो. काढा जिना.” तुम्ही तिथल्या तिथं पायानं सहाव्या गाळ्याच्या रेघा पुसल्यात आणि नव्या जिन्याच्या मारल्यात. गुरुजींच्या बायकोनं पुन्हा घागर उचलली, मागून उतरल्या, भरली, मागून चढल्या, आणि वरून म्हणाल्या, “आता बघा.” जाताना त्यांनी माझ्याकडं एकदाच नीट बघितलं. त्यांना बहुतेक कळलं होतं. उन्हं उतरायच्या आत अप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की नकाशा पास, पोरगा इथंच राहणार. आईला सांगायला मी पळत गेलो, तेव्हा माझ्या पायांना पांढरी फक्की लागलेली होती आणि मला रडूही येत होतं आणि हसूही.

दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर तुम्ही माझ्यापुढं घागर ठेवलीत. “उचल. चुन्याच्या हौदाला पाणी पायजे. आडावरनं आण. वाट पेठेतनं.” बोळ मोकळा होता तरी वाट पेठेतूनच. पहिल्या खेपेला दुकानदार हसले, तिसरीला पोरं मागं लागली, पाचवीला सदरा भिजून अंगाला चिकटला, आणि मिरचीवाल्यानं शिट्टी मारली. बारा खेपा झाल्या तेव्हा तुम्ही माझ्या हातातून घागर घेतलीत, उरलेलं पाणी ओंजळीनं प्यालात आणि म्हणालात, “बस खाली.” तेवढीच शिक्षा. 

मीच विचारलं, “उस्ताद, तुम्ही स्वतःवर का घेतलं?”

“माझ्या चुकीला गाव हसंल,” तुम्ही म्हणालात. “तुझ्या चुकीला गाव दुसरा मानूस बोलावंल. मला हसलेलं परवडतंय.”

“पण मी सांगायला पाहिजे होतं.”

“सांग की. घाई हाय का? तुझ्या चार माड्या हुब्या ऱ्हाऊ दे गावात, मंग सांग. तवर हसू दे त्येंना.” आणि तुम्ही काटकोन बघायचा गुण्या उचलून आखणीच्या कोपऱ्याला लावलात, म्हणजे बोलणं संपलं.

गाव हसलं, उस्ताद. चांगलं पोटभर हसलं. माडी उभी राहिली, आठही बिऱ्हाडं महिन्याभरात भरली, आणि वास्तूच्या दिवशी अप्पांनी पंगतीत उभं राहून सांगितलं की हा जिना आमचे उस्ताद विसरले होते. तुम्ही टोपी सावरून सगळ्यांना सलाम केलात, जसं काही बक्षीस मिळालंय. पुढं कळंबात कुठंही काम निघालं की लोक आधी विचारायचे, “उस्ताद, जिना घेतला का?” आणि तुम्ही म्हणायचात, “थांबा, पोराला इचारतो.” आणि माझ्याकडं बघायचात. प्रत्येक वेळी. त्या बघण्यात टोचणी नव्हती, हे मला शपथेवर सांगता येईल. उलट मिस्कील असायचं ते, आपल्या दोघांतच राहिलेल्या खोडीसारखं. तरी मी मान खाली घालायचो. माझ्या चार माड्या झाल्या, मग दहा झाल्या. निजामाचं राज्य गेलं तेव्हाचे दिवस सगळ्यांनाच जड गेले, तुम्हाला जास्त. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. त्यानंतर तर मला वाटायला लागलं की आता हा जुना विषय कशाला काढा. आणि मग एका उन्हाळ्यात तुम्ही गेलात, खाटेवर पडून, शेवटपर्यंत छताच्या तुळया मोजत. अप्पा तुमच्या मातीला आले होते. परतताना डोळे पुसत म्हणाले, “असा मानूस न्हाय. साऱ्या जिंदगीत एक जिना तेवढा इसरला.” मी त्यांच्या शेजारून चालत होतो.

आता परवाचं सांगतो. अप्पांच्या नातवाला ती इमारत पाडून तिथं नवीन बांधायची आहे. खाली दुकानं, वर भाड्याचे फ्लॅट, लिफ्टसुद्धा. जुना माणूस म्हणून त्यानं मला नकाशा बघायला गाडी पाठवून कळंबला नेलं. नकाशा एका मुलीनं केलाय, पुण्याला शिकून आलेली, कळंबचीच. हुशार आहे. खिडक्या खाली घेतल्यात तिनं, मी न सांगता. मी तिला तुमची फक्कीची रीत सांगितली तर तिचे डोळे असे चमकले की बस. म्हणाली, “आजोबा, सोमवारी आपण हे करू या. सगळ्या भाडेकरूंना बोलावते.” तेवढ्यात नातवानं हसत हसत गोष्ट काढली, त्यानं आजोबांकडून ऐकलेली, की एवढे मोठे उस्ताद पण एकदा चक्क जिनाच विसरले होते. मुलीनं माझ्याकडं वळून विचारलं, “खरं का हो?”

उस्ताद, मी हसलो. सगळ्यांच्या आधी हसलो, आणि म्हणालो, “अहो, मोठी मजा झाली होती.”

तेव्हापासून झोप लागत नाही म्हणणार नाही, लागते. पण हे पत्र लिहिलं. कुठं टाकणार, आणि तुम्ही वाचणार कसं? वहीतच राहील ते. सोमवारी खळं आखायला जायचंय, तेव्हा त्या मुलीला बाजूला घेऊन खरं सांगावं, असं मी रोज ठरवतो. आता काही धोका नाही. अप्पा नाहीत, सोलापूरचा इंजिनिअर नाही, मला हैदराबादला कुणी परत पाठवणार नाही. माझ्या चार सोडा, चाळीस माड्या उभ्या आहेत. तरी सांगेन असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. खरं सांगू? माझ्या पहिल्या नकाशात चूक नव्हती, असं जे लोक इतकी वर्षं धरून चाललेत ना, ते मला अजूनही आवडतं.